नाव आणि गाव एका श्वासात

२९ जुलै १९७३, वेळ्ळवत्तै, कोलंबो

आज आडी अमावस्या. ज्यांचे वडील गेले त्यांनी उपास धरायचा. मी मुद्दाम सुरमई आणली होती. शेजारच्या रासम्माक्का कारली मागायला आल्या आणि वासानेच त्यांनी नाक मुरडलं.

"तू धरत नाहीस?"

"माझे अप्पा आहेत की, अक्का. चांगले ठणठणीत आहेत."

"आहेत ना? मग नऊ वर्षांत एकदा तरी जाऊन तोंड दाखवावं."

"त्यांनी माझ्या नावाने आंघोळ केलीय. मेलेली पोरगी दारात उभी राहिली तर म्हातारा घाबरेल."

अक्का कारली घेऊन गेल्या. मी दोन तुकडे जास्तच खाल्ले.

ही वही त्रिचीच्या एका श्रोत्याने पाठवली. पहिल्या पानावर लिहिलंय, ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्या ताईंना, त्यांच्या वाढदिवसानिमित्त’. तारीख चुकली आहे, पण वही चांगली आहे. चौदा वर्षं रेडिओवर बोलतेय. समुद्रापलीकडून पत्रं येतात, चहाच्या मळ्यांतून येतात. बाजारात तोंड उघडलं की मासळीवाला आवाज ओळखतो आणि आवडीचं गाणं लावा म्हणून एक बांगडा जास्त टाकतो. एवढं बोलते, पण मनातलं कुठे बोलायची सोय नाही. ते इथे लिहीन.

उद्या मी निधनवार्ता वाचायला मागणार आहे.

३० जुलै

मिळाल्या! पण सहज नाही.

सबारत्नमच्या घशाचं ऑपरेशन झालंय, तीन महिने बोलायला बंदी. दुपारी पावणेदोनच्या निधनवार्ता अकरा वर्षं तोच वाचतोय. आमच्या जाफन्याकडे म्हणतात, रेडिओने सांगितल्याशिवाय माणूस मरत नाही. गावाकडून तार येते, आम्ही वाचतो, आणि मळ्यातला जावई नि कोलंबोतला पुतण्या ते ऐकून गाडी पकडतात. हे काम मी करते म्हटल्यावर आमचे विभागप्रमुख कनकसबै साहेब खुर्चीतल्या खुर्चीत हलले.

"पोरी, बाया स्मशानात जात नाहीत."

"सर, स्टुडिओत जातात ना? मग झालं."

सबारत्नम तिथेच बसला होता. बोलता येत नाही म्हणून हल्ली गळ्यात पाटी अडकवून फिरतो आणि पाटीवर भांडतो. त्याने खसाखसा लिहिलं, ‘सकाळी ज्या तोंडाने वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्याच तोंडाने दुपारी मढी?’

"देवाने मला एकच तोंड दिलंय, सबारत्नम. दोन्ही कामं त्यालाच करावी लागणार."

त्याने पाटी पुसली आणि खडू खिशात टाकला.

साहेबांनी अट घातली. तीन महिने. तारेत जे आलं तेच वाचायचं, शब्द जास्त नाही, शब्द कमी नाही. घरच्यांनी कुणाचं नाव घातलं, कुणाचं गाळलं, ते विचारायचं नाही. एक चूक झाली की काम परत पुरुषांकडे. "आणि मग तुझ्यानंतर कुठल्याही बाईने मागायला येऊ नये," असंही म्हणाले. मी कबूल केलं.

फक्त शेवटी वाचणाऱ्याने आपलं नाव सांगायचं, तेवढं आपलं. सबारत्नम त्यात नल्लूर गाव, स्वतःची पदवी आणि आजोबांचं नाव, सगळं घालायचा. माझं छोटंसं आहे : वाचणारी, योगांबिका तंबिरासा. गावाकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी रोज घेते, अख्ख्या देशाला ऐकवून.

६ ऑगस्ट

पहिलं वाचन. पाच तारा होत्या. कागद हातात न धरता टेबलावर ठेवूनच वाचले. तंबिरासा काचेपलीकडे यंत्रापाशी होते, त्यांनी अंगठा वर केला. ते ध्वनिमुद्रण विभागात आहेत म्हणून बरं, नाहीतर भीती वाटली हे कुणाला तरी सांगावं लागलं असतं.

१० ऑगस्ट

शिव्यांची पत्रं बत्तीस. ‘कुंकू लावणाऱ्या बाईने असलं अभद्र बोलावं का?’ ‘जेवताना रेडिओ लावायची सोय राहिली नाही.’ म्हणजे सबारत्नम वाचायचा तेव्हा माणसं मजेत जेवत होती वाटतं!

एक पोस्टकार्ड मात्र वेगळं. शिक्का जाफन्याचा, मंगळवारचा. अक्षर असं की कोंबडी चिखलातून येऊन कार्डावर नाचून गेली असावी. लिहिलंय :

‘सोमवारी आपण मृताच्या नावानंतर श्वास घेतलात आणि मग गाव सांगितलंत. माणूस आणि त्याचं गाव एका श्वासात सांगायचं असतं. मध्ये फट ठेवू नये. – एक श्रोता.’

बाईने वाचावं की नाही, यावर अक्षर नाही. सरळ चूक काढलीय! असा चूक काढणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. लहानपणी पेपर वाचून दाखवताना चुकीच्या जागी थांबले तर कान पिळायचा. त्याच्यापासून पळून कोलंबोला आले, तर हा दुसरा निघाला.

कार्ड फाडणार होते. तंबिरासांनी हातातून घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकलं. "असू दे," म्हणाले.

१३ ऑगस्ट

करून पाहिलं. नाव आणि गाव एका श्वासात. लांब नावाच्या माणसाचं गावही नेमकं लांब असतं, पण जमलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं कानाला. अर्थात हे त्या कोंबडीला कधी कळणार नाही.

१७ ऑगस्ट

पुन्हा कार्ड. ‘फट गेली. आता आवाजातलं रडणं काढा. रडायला घरचे आहेत. आपण फक्त सांगायचं.’

मी रडत नव्हते! एका बाईची तार होती, माझ्याच वयाची, चार मुलं मागे ठेवून गेलेली. घसा जरा दाटला, एवढंच. या माणसाला कान आहेत की काय आहे?

२२ ऑगस्ट

रासम्माक्कांची बहीण अळवेट्टीत, आमच्या गावात राहते. तिचं पत्र आलं म्हणून अक्का धावत आल्या. अप्पांना वर्षापूर्वी झटका आला होता, आणि मला आज कळतंय.

"उजवी बाजू गेली गं. आता डाव्या हाताने जेवतात, डाव्या हाताने सगळं. तुझा अण्णा दर मंगळवारी जाफन्याच्या मोठ्या इस्पितळात नेतो त्यांना."

मी भाजी चिरत होते. चिरत राहिले. अप्पा डाव्या हाताने जेवतात! मी लहानपणी डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलला तरी फूटपट्टी पडायची.

"जा पोरी, बघून ये एकदा," अक्का म्हणाल्या.

"बोलावलं तर जाईन."

"ते कशाला बोलावतील? आणि तू कशाला जाशील? खाण तशी माती. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही, दोघांचाही."

अक्का गेल्यावर तंबिरासा म्हणाले, "मी सुट्टी काढतो. दोघं जाऊ. मी फाटकाबाहेर थांबेन." मला इतका राग आला! त्यांचे वडील आमच्याच ताडांवर चढून ताडी उतरवायचे आणि आमच्याच फाटकाबाहेर उभं राहून ओंजळीत पाणी प्यायचे. त्यांच्या मुलाने पुन्हा तिथेच उभं राहायचं? मी रेडिओत नोकरी धरली तेव्हा अप्पा महिनाभर बोलले नाहीत. या माणसाशी लग्न केलं तेव्हापासून बोललेच नाहीत. आत घेणार असतील तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही. यात माझं काय चुकलं ते कुणीतरी मला दाखवावं.

३१ ऑगस्ट

कार्ड. ‘पाण्याचा घोट सुरू करण्याआधी घ्यावा. तिसऱ्या वार्तेनंतर पेला ठेवल्याचा आवाज आला.’

पेल्याखाली रुमाल ठेवायला लागले आहे.

७ सप्टेंबर

सबारत्नमच्या मित्रांनी गेल्याच आठवड्यात सह्या गोळा करून साहेबांना अर्ज दिला, की बाईच्या आवाजात निधनवार्ता म्हणजे मृतांचा अपमान. साहेब तेव्हापासून माझी नजर चुकवत होते. आज मी स्वतःच गेले. म्हटलं, "सर, एकाही मृताची तक्रार आली का?" ते हसू दाबत म्हणाले, "पोरी, तुझी जीभ एक दिवस तुला घरी बसवणार आहे."

आणि आज ते कार्डही आलं. याला अर्जाचं कसं कळलं कोण जाणे, पेपरात आलं असेल. ‘आपल्याविरुद्ध जे लिहितात त्यांची पत्रं वाचू नयेत. अशा माणसांच्या लिहिण्यात वाक्य कुठे संपतं तेच कळत नाही. काम चालू ठेवावं.’

मोठ्याने हसले. तंबिरासांना वाचून दाखवलं, पण ते हसले नाहीत. "तू याला उत्तर का देत नाहीस?" म्हणाले. पत्ताच नाही तर उत्तर कुठे देणार? "रेडिओवरून दे." छे! एकाला उत्तर दिलं की हजार जण रांग लावतील. शिवाय मला कुठे गरज आहे?

२१ सप्टेंबर

कार्ड. अक्षर आणखी वाकडं, ओळ कार्डाच्या कडेवरून खाली घसरलीय.

‘काल चूक सापडली नाही. पुन्हा ऐकेन.’

एवढंच. चौदा वर्षांत पोत्यांनी स्तुती आलीय, ‘मधासारखा आवाज’, ‘कोकिळा’, काय काय. पण हे कार्ड मी दिवसभर पर्समध्ये ठेवलं. डब्यात टाकलं ते संध्याकाळी, तेही तंबिरासा बघत नसताना.

५ ऑक्टोबर

दोन शुक्रवार झाले, कोंबडीचा पत्ता नाही. दमला असेल. चांगलं झालं, माझ्या मानेवरचं ओझं गेलं.

वाचन बरं चाललंय. रोज सहा-सात तारा असतात. हॅटनच्या मळ्यातून एका म्हातारीने लिहिलंय, ‘बाई, माझी वार्ता तुम्हीच वाचा, तेवढे दिवस कामावर राहा.’

११ ऑक्टोबर

लिहायलाच हवं.

दीड वाजता चार तारा आल्या. पहिल्या दोन वाचून घेतल्या, गावांच्या नावांवर खुणा केल्या. तिसरी उघडली.

‘वेलुप्पिळ्ळै विनासितंबी, अळवेट्टी, निवृत्त मुख्याध्यापक, आज सकाळी शिवपदी पोहोचले. पोन्नम्मा यांचे पती. तिरुचेल्वम, बालचंद्रन आणि कमलावती यांचे वडील. अंत्यसंस्कार आज संध्याकाळी पाच वाजता.’ पाठवणार तिरुचेल्वम, म्हणजे माझा अण्णा.

आम्ही चार भावंडं. मी बोटावर मोजली, मूर्खासारखी. तिघांचीच नावं होती.

एक अडतीस झाले होते. जाफना अडीचशे मैल. पाच वाजता ते जळणार आणि मला कुठलीच गाडी पोहोचवणार नाही. अण्णाने मला वेगळी तार केली नाही. त्याला माहीत होतं ही तार कुणाच्या हातात पडणार. वडील गेल्याचं त्याने मला असं कळवलं.

कनकसबै साहेब मागे येऊन उभे राहिले होते. तार त्यांनी आधी पाहिली असावी. "दे पोरी. आज मी वाचतो."

"नाही सर."

"अगं, वडील आहेत तुझे."

"म्हणूनच."

"हे बघ." त्यांनी आवाज खाली आणला. "तुझं नाव त्यात नाही, ते मला दिसतंय. पण शब्द जास्त नाही. तू एक शब्द घातलास तर मी तुला वाचवू शकणार नाही, आणि तुझ्यामागून येणाऱ्या पोरींनाही नाही. तीन महिन्यांत तीन आठवडे राहिलेत."

"शब्द घालणार नाही, सर."

काचेपलीकडे तंबिरासांना काही माहीत नव्हतं. त्यांनी नेहमीसारखा अंगठा वर केला. मी पाण्याचा घोट आधी घेतला, पेला रुमालावर ठेवला.

पहिली वार्ता वाचली. दुसरी वाचली. मग वेलुप्पिळ्ळै विनासितंबी अळवेट्टी, एका श्वासात, फट न ठेवता. काचेपलीकडे तंबिरासांनी मान वर केली आणि उभेच राहिले. मी रडले नाही. रडायला घरचे आहेत, आणि मी घरची नाही असं तारेत लिहिलेलं होतं. तिरुचेल्वम, बालचंद्रन आणि कमलावती यांचे वडील. तारेत होतं तितकंच. चौथी वार्ता वाचली, मृतांना शांती चिंतली.

मग माझं नाव सांगायची वेळ आली. तेवढं आपलं असतं.

"वाचणारी, अळवेट्टीच्या विनासितंबी मास्तरांची थोरली मुलगी, योगांबिका तंबिरासा."

लाल दिवा विझला. त्यानंतर मी काय केलं ते लिहिणार नाही. तंबिरासांचा शर्ट भिजला, एवढं पुरे.

१५ ऑक्टोबर

अण्णाची तक्रार आली. सबारत्नमचा घसा नेमका आजच सुटला, आणि इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं माझ्यावर आलं. "मृताच्या घरच्यांनी गाळलेलं नाव वाचलं! नियम मोडला! आता तरी हिला काढा."

"ध्वनिफीत लावा," मी म्हटलं.

साहेबांनी एका हातात तार धरली आणि फीत ऐकली. शब्दाला शब्द जुळला. पुढे माझं नाव आलं तेव्हा सबारत्नमने टेबलावर हात आपटला, "हे बघा!"

"सबारत्नम, तुम्ही अकरा वर्षं तुमचे आजोबा रेडिओवर मिरवलेत," मी म्हटलं. "मी एक दिवस बाप सांगितला. त्यात आजोबा चालतात आणि बाप चालत नाही, असा नियम असेल तर दाखवा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. शेवटी लेखी ताकीद दिली. आणि फर्मान काढलं, की यापुढे सगळ्यांनीच फक्त स्वतःचं नाव सांगायचं. गाव नाही, पदवी नाही, पूर्वज नाहीत. सबारत्नमचे आजोबा बिचारे माझ्यापायी गेले!

काम माझ्याकडेच आहे, आणि तीन महिने संपले तरी राहणार आहे.

१० नोव्हेंबर

आज अप्पांचा एकतिसावा दिवस, आमच्याकडे या दिवशी श्राद्धाचे विधी करतात. तिकडे अण्णा सगळं करत असेल. मी इथे साधा भात केला, कावळ्याला घास ठेवला आणि जेवले नाही. पुढच्या आडी अमावस्येला मी उपास धरणार आहे. आंघोळ त्यांनी केली होती, मी नाही.

धाकट्या कमलाचं पत्र आलं. नऊ वर्षांत पहिलं, तेही अण्णाला चोरून.

‘अक्का, त्या दिवशी अप्पांना अंगणात ठेवलं होतं. पावणेदोन वाजत आले तशी अम्मा उठली, आतून रेडिओ आणला आणि अप्पांच्या डोक्याशी लावला. अण्णा ओरडला. अम्मा म्हणाली, ही त्यांची ऐकायची वेळ आहे. रोज या वेळी अप्पा दार आतून लावून घ्यायचे, तासभर कुणाला आत येऊ देत नसत. आम्हाला वाटायचं झोपतात. मग तुझा आवाज आला. शेवटी तू नाव सांगितलंस तेव्हा छाती बडवणाऱ्या बायकासुद्धा थांबल्या. सगळं गाव अंगणात होतं, अक्का. सगळ्यांनी ऐकलं.’

हे तीनदा वाचलं. म्हणजे ऐकत होते! रोज, दार लावून! मला आनंद झाला आणि त्याहून जास्त राग आला. तंबिरासांवरच ओरडले. "ऐकत होते, तर दोन ओळी लिहायला काय झालं होतं? परकी माणसं लिहितात! तो वाकड्या अक्षरांचा म्हातारा, ना ओळख ना पाळख, तो दर आठवड्याला लिहायचा. बापाला एक कार्ड टाकवलं नाही?"

तंबिरासांनी कमलाचं पत्र घडी घालून ठेवलं. उठले, बिस्किटाचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला.

"त्याचंही बघा ना," मी म्हटलं. त्या दिवसाच्या वाचनावर दोन पोती पत्रं आली. शिव्या, आशीर्वाद, सगळं आलं. ज्याचं मत मला हवं होतं त्याचंच कार्ड नाही. नाव आणि गाव एका श्वासात सांगितलं, घसा दाटू दिला नाही, पेला वाजू दिला नाही. चूक नव्हती. तो ऐकत असता तर एवढं तरी लिहिलं असतं की नाही?

"आता नाही यायचं कार्ड," तंबिरासा हळूच म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

त्यांनी डबा उघडला आणि वरच्या कार्डावरच्या मंगळवारच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. मी डबा ढकलला. जुनी कार्डं घेऊन काय करू? मला नवं हवंय.

ठरवलंय. सोमवारी मुद्दाम चूक करणार. नाव सांगणार, थांबणार, चांगला मोठा श्वास घेणार आणि मग गाव सांगणार. मग बघते कसा लिहीत नाही ते. असल्या माणसांना चूक सहन होत नाही, मी ओळखून आहे त्यांना.